हायचं नाय कुणी केलं

"आत कोण हाय का?"

यादवने टॉकबॅकचं बटण दाबून विचारलं. मी त्याच्या मागे पॅनलचा दिवा बदलत उभा होतो. स्पीकर माझ्या कानाशीच होता. उत्तर आलं, "नाय."

यादवने हिरवं बटण टक् करून दाबलं आणि सोडलं.

लगेच किंकाळी आली. ती स्पीकरमधून आली नाही. तिला तारेची गरज नव्हती. प्लँटच्या त्या टोकाकडून केबिनच्या काचेतून आरपार आली. यादवचा अंगठा बटणाच्या वर तसाच हवेत राहिला. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे.

आम्ही धावलो. मिक्सरच्या तोंडातून सफाईवाला बारक्या छातीपर्यंत बाहेर आला होता, दोन्ही हातांनी कठडा धरून. डावा पाय आत अडकलेला. नडगी मोडली होती. तो ओरडत होता, "मी हाय बोललो ना! मी हाय बोललो!"

ही गोष्ट बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यातली, ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. कारखान्याचं नाव घालत नाही. नाव घातलं की लोक गोष्ट सोडून नावाच्या मागे लागतात. मी राऊत, राहणार चिंचणी. शिक्षण चौथी. कारखान्यात लागायच्या आधी लग्नाकार्यात माईक-भोंगे लावायचो. तारापूरपासून पालघरपर्यंत माझा भोंगा कधी शिट्टी मारत नसे, हे आजही कुणालाही विचारा. कारखान्यातला सगळा टॉकबॅक मी बसवला होता. पाइप ठोकण्यापासून शेवटच्या जोडापर्यंत.

टॉकबॅक म्हणजे काय ते आधी सांगतो. भिंतीवर एक पेटी. तिच्यात स्पीकर. बटण दाबलं की तोच स्पीकर माईक होतो, तुमचा आवाज दुसरीकडच्या पेटीत जातो. बटण सोडलं की तुम्ही ऐकायचं. सगळ्या खात्यांच्या पेट्या एकाच लाइनवर. आमच्या केबिनपासून मिक्सर लांब होता, मध्ये भिंती आणि टाक्या. दिसत काही नसे. म्हणून विचारायचं.

मिक्सर म्हणजे मोठं बंद पातेलं. आत ढवळायचं लोखंडी पातं. वर माणूस जाईल एवढं भोक, त्याला मॅनहोल म्हणतात. एक रंग काढून दुसरा घ्यायचा असला की माणूस आत उतरून खरवडतो. खरवडून झालं की ऑपरेटर बटण टकन दाबून पातं जरासं फिरवून बघतो, मोकळं आहे का. त्याला इंचिंग म्हणतात. यादवने इंचिंग केलं म्हणून पाय मोडला. सरळ चालू केला असता तर हे लिहायला माझा हात धजला नसता.

त्या दिवशी फोरमनने यादवला सांगितलं होतं, सफाई झाली असेल, विचार आणि चालव. मॅनहोलवर उभं राहायचा माणूस चिंध्यांची बादली टाकायला गेला होता. बारक्या पात्याच्या दांड्यावर पाय देऊन वर आला, डोकं बाहेर काढलं, कठड्यावरच्या पेटीचं बटण दाबलं आणि उत्तर दिलं. मग पाय होते तिथेच होते आणि पातं फिरलं.

बारक्याला पालघरला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत डोंगराकडच्या पाड्यांवरून त्याची माणसं गेटवर जमली. पुढे त्याचा थोरला भाऊ देवजी. उंच, काळाभोर, कमी बोलणारा. तोही आमच्याकडेच गोडाऊनला होता. तो त्या दिवशी मात्र बोलला.

"तो भय्या कुठं हाय? त्याला भायेर काढा."

मी म्हटलं, "देवजी, त्यानं विचारलं होतं. मी बाजूलाच होतो. उत्तर नाय आलं."

"नाय म्हंजे? उत्तर आलंच नाय?"

"आलं. पण 'नाय' असं आलं."

"माझा भाऊ मरणाच्या दारात खोटा बोलंल काय? तो हाय बोलला. भय्याला आपली भाषा कळत नाय. त्याला हाय काय आन् नाय काय!"

"मला कळते ना? मी तर चिंचणीचा. मी पण नायच ऐकलं."

देवजीने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे गेलो. मागून कुणीतरी ओरडलं, "राऊत शेठचा चमचा!" घरी गेलो तर बायकोला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवा म्हणजे झालं." मी जेवलो आणि झोपलो. ऐकलं ते ऐकलं. त्यात बदल कसा करणार?

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मेहता साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब मूळचे सुरतकडचे, पण मराठी चांगलं बोलायचे.

"राऊत, बस. हे बघ, यादवने विचारलंच नाही. सरळ बटण दाबलं. असंच झालं ना?"

"नाही साहेब. त्यानं विचारलं."

"तू दिवा बदलत होतास. तुझं लक्ष नव्हतं."

"हात दिव्यावर होता. कान कानाच्या जागी होते."

"अरे बाबा, इन्स्पेक्टर येणार. पोलीस येणार. एका माणसाची चूक झाली, त्याला काढला, विषय संपला. नाहीतर सगळा प्लँट बंद राहील. तू तिथे नव्हतास असं सांग ना."

"मी तिथे होतो."

"किती अडेलतट्टू माणूस आहेस!"

"हो साहेब," मी म्हटलं. आमच्या घराण्यात आहे ते. आजोबांनी बांधावरून भावाशी जन्मभर अबोला धरला होता, आणि बांध आजोबांच्याच बाजूचा निघाला.

यादवला घरी बसवलं. मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याचे गाववाले त्याला रात्रीच्या गाडीत बसवायला निघाले होते. तो भिंतीला टेकून बसला होता.

"राऊतभाई, आपने भी सुना ना? मैं पागल तो नहीं हूँ?"

"सुना. मैंने भी नायच सुना."

"तो फिर भागूँ क्यों? भागा तो सब बोलेंगे, इसी ने किया." मग खाली बघून म्हणाला, "पर उसका पैर तो मैंने ही तोड़ा ना."

मी पालघरला गेलो. बारक्या पाय टांगून पडला होता. मी त्याला एवढंच विचारलं, "तू काय बोललास? जसंच्या तसं बोल."

"हाय."

"नक्की? काय दुसरं पुढं मागं?"

"राऊतभाऊ, मी आत होतो. मी आत असून नाय कसा बोलन?"

बरोबर होतं त्याचं. आता बघा, एक माणूस शपथेवर सांगतो मी हाय म्हटलं. दोन माणसं शपथेवर सांगतात आम्ही नाय ऐकलं. तिघांतलं कुणीही खोटं बोलत नाही. मग मधल्या तारेत काहीतरी झालं. आणि ती तार माझी.

माझा पहिला संशय पॅकिंग खात्यावर. कारण सांगतो. सातपाटीच्या मासळीबाजारात शंभर बायका एकदम बोलत असतात, तरी तुमच्या ओळखीची बाई भाव सांगते तो तुम्हाला बरोबर ऐकू येतो. तुम्हाला दोन कान आहेत, आवाज कुठून येतो ते कळतं, बाकीचे तुम्ही आपोआप मागे सारता. पेटीला एकच कान. तिच्यात दोघे एकदम बोलले की दोघांची खिचडी होते, आणि जो मोठ्याने बोलतो तोच उरतो. आमची लाइन सगळ्यांची एक. त्याच क्षणी पॅकिंगमधून कुणी 'नाय' म्हटलं असेल, तर बारक्याचं 'हाय' त्याच्याखाली बुडालं असेल. पॅकिंगचा इनचार्ज सावे. त्याचा आवाज म्हणजे फुटका नगारा.

मी गेलो. "सावे, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तू टॉकबॅकवर बोललास?"

"नाय."

"हाच तो शब्द! कुणाला बोललास?"

"अरे, तुला आता बोललो, नाय म्हणून! त्या दिवशी माझी पेटी बंद पडली होती. तूच वायर काढून ठेवलीस, उद्या करतो बोललास. आठवतं?"

मला आठवलं. पण मी हार मानली नाही. "भिंतीतून गेला असेल आवाज."

"माझा आवाज भिंतीतून मिक्सरपर्यंत? घरात बायकोपर्यंत जात नाय माझा आवाज!"

सगळं पॅकिंग खातं हसलं. मला हसू आलं नाही. सावेला वगळलं तर उरली माझी पेटी.

मी बाकीच्या सगळ्या पेट्या लाइनवरून सोडवल्या. फक्त केबिन आणि मिक्सर ठेवले. इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर नाईक साहेब केबिनमध्ये बसले आणि मी मॅनहोलजवळून बोललो. हाय, नाय, नाय, हाय. त्यांनी सगळी बरोबर ओळखली. माझी छाती फुगली.

"बघा साहेब. पेटीत खोट नाही."

नाईक साहेब मुंबईहून आलेले, वयाने माझ्याहून लहान, हळू बोलणारे. ते म्हणाले, "राऊत, त्या दिवशी इथे काय काय चालू होतं?"

"काय असणार? नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे? आत्ता इतकं शांत कसं आहे?"

"आत्ता आत माणूस नाही ना. म्हणून ब्लोअर बंद आहे."

असं म्हटलं आणि मी मध्येच थांबलो. आत माणूस उतरला की वाफेने गुदमरू नये म्हणून मॅनहोलला ब्लोअर लावतात, म्हणजे हवेचा मोठा पंखा. माणूस बाहेर आला तरी भांडं वाळायला तो तसाच चालू ठेवत. पेटी बसवताना मी तपासली होती, दहा वेळा तपासली होती. ब्लोअर बंद असताना.

ब्लोअर चालू केला. आता मी केबिनमध्ये, साहेब वर. मी विचारलं, "साहेब, आत कोण हाय का?"

"नाय."

"बरं. आता हाय बोला."

"नाय."

"साहेब, हाय बोला, हाय!"

"नाय."

मला वाटलं साहेब थट्टा करतायत. मी तरातरा मिक्सरकडे गेलो. साहेब पेटीला तोंड लावून उभे होते आणि घसा ताणून ओरडत होते, "हाय! हाय!" त्यांच्या तोंडून येत होतं ते मला दोन हातांवरून साफ ऐकू आलं. हाय.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. बारक्याने धरला होता तोच कठडा.

मी म्हटलं, "एकदाही चुकून हाय आलं नाही, साहेब. सगळे नाय."

आम्ही जागा बदलल्या, पुन्हा केलं. फोरमनला बसवलं, पुन्हा केलं. कोणीही बोला, कोणीही ऐका. हायचं नाय होत होतं. आणि नाय म्हटलं तर नायच ऐकू येत होतं.

मग साहेबांनी मला कारण सांगितलं. आधी मी मानलं नाही. म्हटलं, आवाज बुडतो हे समजतं, पण एका शब्दाचा दुसरा शब्द कसा होईल? न आला कुठून? कुणी म्हटला तो?

साहेब म्हणाले, "राऊत, तळहात तोंडापुढे धर आणि ह म्हण."

मी म्हटलं. तळहाताला नुसती वाफ लागली.

"ह म्हणजे नुसता श्वास. ब्लोअरपण श्वासच सोडतोय, हत्तीएवढा. त्यात ह दिसेल का? गेला. उरलं काय?"

"आय."

"आता ओठ उघडे ठेव, जीभ वर लाव, आणि न म्हणायच्या आधी थांब. नुसतं लांबव."

मी लांबवलं. न्‌न्‌न्‌न्‌. नाकातून गुणगुण.

"आता ब्लोअर ऐक."

मी ऐकला. वर्षानुवर्षं ऐकत होतो. न्‌न्‌न्‌न्‌न्‌. तोच सूर.

"बारक्याने बटण दाबलं. केबिनमधला स्पीकर तोपर्यंत गप्प होता. बटण दाबल्याबरोबर पहिल्यांदा आला ब्लोअर, न्‌न्‌न्. त्याच्यावर आला बारक्याचा आय. कान दोन्ही जोडतो. न्‌न्‌-आय. नाय."

शब्दातलं पहिलं अक्षर ब्लोअरने म्हटलं होतं आणि उरलेलं बारक्याने. दोघांनी मिळून एक शब्द तयार केला, आणि तो बारक्याच्याच पायावर पडला. वर आणखी एक. आत माणूस असतो तेव्हाच ब्लोअर हमखास चालू असतो. म्हणजे ज्या वेळी हाय म्हणायची पाळी येते, नेमकं त्याच वेळी तो शब्द पोचत नाही. इतके दिवस कुणाला कसं काही झालं नाही, याचाच मला जास्त धसका बसला. तेव्हापासून आजतागायत पंख्याखाली कुणी बोललं तर मी त्याच्या तोंडाकडे बघतो.

पण मी हातावर हात ठेवून बसणारा नव्हे. म्हटलं, साहेब, ब्लोअरचा खर्ज कापतो. भोंग्याच्या धंद्यात हे माहीत होतं. तबल्याचा दणका जास्त झाला की लाइनमध्ये छोटा कंडेन्सर घालायचा. तो जाड आवाज अडवतो, बारीक सोडतो. मी तसा कंडेन्सर पेटीत घातला. गुणगुण गेली. न गेला. मी खूश.

"आता बोला साहेब."

स्पीकरमधून आलं, "आय."

"पुन्हा."

"आय."

आमच्याकडे आय म्हणजे आई. आत अडकलेला माणूस आईला हाक मारतोय असंच वाटलं. फोरमन म्हणाला, "राऊतभाऊ, बंद कर ते. अंगावर काटा येतो."

मी कंडेन्सर बदलले. मोठा घातला, छोटा घातला, दोन घातले. कधी नाय, कधी आय. हाय काही आलं नाही. शेवटी नाईक साहेबांनी माझ्या हातातली डाग लावायची कावी काढून घेतली. म्हणाले, "फिल्टर चाळणीसारखा आहे. खडे काढील. सांडलेले तांदूळ परत आणून घालील का?"

मला राग आला होता, पण म्हणणं पटलं. ह तारेपर्यंत पोचलाच नव्हता. मी त्याला तारेत शोधत होतो.

मेहता साहेबांना सांगितलं. त्यांनी स्वतः ऐकलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "हे कोण मानणार? पंखा बोलला म्हणून सांगू इन्स्पेक्टरला?"

मी म्हटलं, "इन्स्पेक्टरचं तुम्ही बघा. गेटवरच्या माणसांनी मानलं पाहिजे. नाहीतर यादव कारखान्याबाहेर जिवंत राहत नाही." देवजीने पोलिसात लिहून दिलं होतं, भय्याने जाणूनबुजून केलं. आणि पोलिसांनी सोडलं तर आम्ही सोडणार नाही, हे तोंडी सगळीकडे सांगितलं होतं.

मी देवजीच्या पाड्यावर गेलो. तो अंगणात काथ्या वळत बसला होता. बस म्हणाला नाही. मी बसलो.

"देवजी, मशीनमध्ये घोळ हाय. येऊन ऐक."

"कंपनीचं मशीन, कंपनीचा माणूस, कंपनीचा घोळ. मी कशाला येऊ?"

"बोलणारा तुझा माणूस ठेव. ऐकणारा तू राहा. मग तर झालं?"

तो काथ्या वळत राहिला. मग म्हणाला, "बोलंल तो बारक्याच बोलंल. त्याचा आवाज मी जत्रेत शंभर माणसांत वळखतो. अंधारात वळखतो. तुमच्या भय्यासारखा नाय मी."

"तेच पायजे मला," मी म्हटलं.

बारक्याला घरी सोडल्यावर त्याला आणलं. पायाला प्लास्टर. खुर्चीसकट चौघांनी उचलून मिक्सरवरच्या कठड्यापाशी ठेवला. तो आत बघत नव्हता, तोंड वळवून बसला होता. त्याच्याजवळ नाईक साहेब आणि पाड्यावरची दोन माणसं. केबिनमध्ये देवजी, यादवच्या खुर्चीवर. मागे मी. दारात मेहता साहेब. यादव भिंतीला पाठ लावून लांब उभा. त्याला पाणी दिलं ते त्याने हातातच धरून ठेवलं होतं.

हिरव्या बटणाची तार मी मोटरवरून काढून एका दिव्याला जोडली होती. दिवा मॅनहोलपाशी टांगलेला. मोटरचे फ्यूज काढून देवजीच्याच हातात दिले, विश्वास बसावा म्हणून. नियम सोपा. देवजीने विचारायचं. बारक्याने मनाला येईल ते उत्तर द्यायचं. नाय ऐकू आलं तर बटण दाबायचं, हाय ऐकू आलं तर दाबायचं नाही.

ब्लोअर चालू झाला. देवजीने पेटीत तोंड घातलं. "बारक्या, आत कोण हाय का?"

"नाय."

देवजीने माझ्याकडे बघितलं. "वळखला ना आवाज? बारक्याच." आणि बटण दाबलं. सोडलं.

"पुन्हा विचार," मी म्हटलं.

"आत कोण हाय का?"

"नाय."

दाबलं. तो आता जरा ऐटीत आला होता. "काय कठीण हाय त्यात? साफ ऐकू येतं."

"पुन्हा."

"आत कोण हाय का रे?"

"नाय."

दाबलं. तेवढ्यात नाईक साहेब चालत केबिनकडे आले. टॉकबॅकवर न बोलता चालत आले. त्यांनी देवजीला एवढंच म्हटलं, "तू वर ये. तुझा भाऊ काय म्हणाला ते त्यालाच विचार."

देवजी गेला. मी मागोमाग. वर बारक्या खुर्चीत ओठ घट्ट मिटून बसला होता. पाड्यावरची दोन माणसं दिव्याकडे बघत होती, जसा तो अजून पेटलेलाच आहे. दिवा विझला होता.

"काय बोललास तू?" देवजीने विचारलं.

"हाय बोललो."

"आन् दुसऱ्यांदा?"

"हाय. तिसऱ्यांदा पण हायच. दादा, तू तीनदा दाबलंस."

ब्लोअर चालूच होता. कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही. देवजीने उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग तिथेच लोखंडी जाळीवर मटकन बसला. बारक्याच्या प्लास्टरला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

थोड्या वेळाने तो उठला आणि खाली आला. यादव भिंतीपाशी तसाच उभा होता. देवजी त्याच्यासमोर जाऊन थांबला. मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. देवजी म्हणाला, "तुला मारायचं बोललो होतो. आता कसा मारू? मंग मला पण मारायला लागंल."

यादवला तेवढं मराठी कळत होतं. त्याच्या हातातलं पाणी सगळं सांडलं.

देवजीने दुसऱ्या दिवशी पोलिसात जाऊन तक्रार मागे घेतली. पोलिसांनी कारण विचारलं तर म्हणाला, "मी पण नायच ऐकलं." त्यांना त्यातलं काही कळलं नसणार. यादवला परत घेतलं. बारक्याचा पाय जुळला, जरासा लंगडतो. त्याला गेटवर बसायचं काम दिलं.

मेहता साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की टॉकबॅक नादुरुस्त होता. मी सही केली नाही. म्हटलं, टॉकबॅक नादुरुस्त नव्हता. हाय आणि नाय हे दोन शब्द नादुरुस्त आहेत. जोडीने एकाच साच्यातून काढलेले, एका अक्षराचा फरक, आणि तेच अक्षर सगळ्यात नाजूक. आपण घरात बोलतो तेव्हा समोरचा मान हलवतो, तोंड दिसतं, म्हणून भागतं. तारेवर मान जात नाही. साहेब म्हणाले, "मग काय सगळ्या तालुक्याची भाषा बदलू?" मी म्हटलं, "तालुक्याची नको. एका पेटीपुरती बदला."

ती बदलली. आत माणूस असेल तर 'माणूस' म्हणायचं, नसेल तर 'रिकामा'. नाईक साहेबांनी शब्द निवडले, मी ब्लोअर लावून तपासले. एकाचं दुसरं कधीच झालं नाही. शिवाय नियम केला की आत उतरणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचे. हा नियम आधीच हवा होता, हे सगळ्यांना तेव्हा एकदम कळलं. अशा गोष्टी एकदमच कळतात, पाय मोडल्यावर.

तरी माणसं बोलायची ते बोलायचीच. जन्माची सवय. घाईत 'माणूस' विसरून 'हाय हाय' करायची. बोर्ड लावला, ओरडलो, काही उपयोग झाला नाही. यादवने मात्र ते सगळं सोडून दिलं. तो मिक्सर चालवायच्या आधी केबिनमधून उठायचा, चालत प्लँटच्या त्या टोकाला जायचा, मॅनहोलमध्ये डोकं घालून बघायचा आणि मग परत येऊन बटण दाबायचा. फोरमन वेळ जातो म्हणून कुरकुर करायचा. यादव म्हणायचा, "जाने दो."

मी टॉकबॅकचा माणूस. जन्मभर माणसाचा आवाज लांब पोचवला, त्याचा अभिमान आहे आणि राहील. पण आत कुणी आहे का, ही विचारायची गोष्ट नव्हे. ती बघायची गोष्ट आहे.